‘खोडा’ म्हणणारे सर

स्वतःची चूक भर वर्गात सांगणारा मास्तर मी आयुष्यात एकच पाहिला. धाराशिवच्या कॉलेजात ते आम्हाला बारावीला जीवशास्त्र शिकवायचे. आदल्या दिवशी काही चुकीचं सांगितलं असलं, की आल्या आल्या म्हणायचे, “कालचं शेवटचं वाक्य खोडा. माझी चूक झाली.” आम्ही त्यांना ‘खोडा सर’च म्हणायचो. एखादं वांड पोरगं विचारायचं, “सर, परवाचं पण खोडू का?” सर शांतपणे म्हणायचे, “थांब, बघून सांगतो.” आणि खरंच बघून सांगायचे.

निवृत्तीनंतर ते आणि काकू तेरला, आमच्याच गल्लीत राहायला आले. कोरोनात आम्ही गावच्या रस्त्यावर बाभळीच्या काट्या टाकून नाका बसवला. म्होरक्या मीच. पुण्याहून येणाऱ्यांना अडवायचं, त्यांच्या पिशव्या उचलून त्यांना शाळेतल्या विलगीकरणात पोचवायचं, मग पारावर सगळ्यांनी मिळून चहा प्यायचा. तिथून मी सरांच्या बीपीच्या गोळ्या, दूध घेऊन त्यांच्या घरी जायचो. फार मोठं काम करतोय असं वाटायचं मला.

एकदा सर पारापाशी येऊन लांबच थांबले. म्हणाले, “गोवर शिकवला होता, आठवतं का? फुप्फुसातली पहाऱ्याची पेशी विषाणूला धरती आणि जवळच्या लसिकागाठीत नेती. पण धरलेला विषाणू मेलेला नसतो बाबा. गाठीत सगळ्या शिपाई पेशी जमलेल्या. तो त्यांच्यातच शिरतो, मग त्याच त्याला अंगभर फिरवतात. तुमच्या नाक्याची मला तीच भीती वाटती. पारावर जमू नका, आणि नाक्यावरून थेट कुणाच्या घरात जाऊ नका.”

मी पोरांकडं बघून म्हणालो, “सर, मी आता बारावीत न्हाय.” सगळे खो खो हसले. सरही कसनुसं हसले आणि घरी गेले. ते हसू आठवलं की आजही स्वतःच्या थोबाडीत द्यावीशी वाटते.

आठवड्यानं मला खोकला लागला. धुळीचा असेल म्हटलं. गोळ्या द्यायला गेलो तर काकूंनी पोहे केले होते. आत बसून खाल्ले. पाचव्या दिवशी सरांना ताप आला. धाराशिवला नेलं, ते परत आले नाहीत. माझाही रिपोर्ट पॉझिटिव्ह आला, पण तो मी काकूंना सांगितला नाही. त्या घराचा उंबरा तेव्हा माझ्याशिवाय कुणी ओलांडत नव्हतं. आता कुणी काहीही समजूत घालो, मला ठाऊक आहे.

काकू आल्यागेल्याला सांगतात, “त्या दिवसांत आमच्या दारात कुत्रं फिरकत नव्हतं. ह्यो एकटा रोज यायचा, पोटच्या लेकासारखा.” दर खेपेला आज सांगायचंच असं ठरवून जातो आणि चहा पिऊन परत येतो. परवा त्यांनी कपाटातून सरांचं घड्याळ काढलं. म्हणाल्या, “हे तुझ्याच हाताला शोभंल.”

मी हात पुढं केला.