बासिलिया मावशीचे भोपळे

बासिलिया मावशीला कागदावर शून्य लिहायची भारी लाज वाटायची.

आमच्या गावात लोकर कातरायच्या आधी विकुन्या मोजतात. विकुन्या म्हणजे लामाची, त्या ओझी वाहणाऱ्या लोकरीच्या जनावराची, रानातली नाजूक बहीण. माणूस दिसला की पळालीच. अख्खं पठार नकाशावर चौकोनांत वाटलेलं, आणि कोणी कुठले चौकोन मोजायचे ते चिठ्ठ्या टाकून ठरतं. त्या वर्षी मावशीच्या वाट्याला बारा चौकोन आले. त्यातले सात निव्वळ मिठाचे, गवताची काडी नाही.

"जन्म गेला जनावरांमागे, आणि सभेत भोपळे घेऊन जाऊ?" असं म्हणत ती सरळ ओढ्याकडे गेली, तिथल्या त्र्याण्णव विकुन्या मोजल्या आणि मिठाच्या चौकोनांत लिहून मोकळी झाली.

सभेत मोजणीवाल्या देल्फिनाबाईंनी रंगीत नकाशा पसरला. जिथे जनावरं दाट, तिथे लाल. मिठाच्या मधोमध लालभडक डाग!

"मावशी, या मीठ चाटून जगतात का हो?"

सभा खो खो हसली. सगळ्यात मोठ्याने मावशीचा नवरा, फोर्तुनातो. मावशीने मान खाली घालून कबूल केलं.

देल्फिनाबाई रागावल्या नाहीत. "हिवाने बटाटा किती जळाला हे बघायला तुम्ही फक्त हिरव्या सऱ्या बघता का?"

"छे! लोक वेड्यात काढतील."

"मग? विकुन्या घोळक्याने राहतात. एका चौकोनात दिसल्या की शेजारीही असण्याचा संभव जास्त. घोळका कुठे संपतो ते तुमचे भोपळेच सांगतात. त्यावरून न मोजलेल्या जागांचाही अंदाज बांधता येतो."

मावशी पुन्हा निघाली. या खेपेला मला सोबत घेऊन. परतलो ते आठ भोपळे घेऊन.

देल्फिनाबाई एका भोपळ्यावर अडल्या. तो चौकोन झऱ्याकाठचा. चारी बाजूंना विकुन्या दाट, हिशेबाने तिथे तीसेक तरी हव्यात. "मावशी, आता तरी खरं लिहिलंत ना?"

"आईची शपथ! दोनदा जाऊन आले. हिला विचारा."

आम्ही तिघी बघायला गेलो. गवत छान, पाणी छान, आणि गवताच्या उंचवट्यामागे, लांबून मोजताना न दिसलेलं, झऱ्याभोवती नवंकोरं तारेचं कुंपण. तारेला लोकरीचे पुंजके अडकलेले. विकुन्या कुंपण ओलांडत नाहीत. खालून वाट नसली की माघारी फिरतात.

मावशीने तारेची गाठ निरखून पाहिली. "अशी उलटी गाठ या पठारावर एकच माणूस मारतो."

फोर्तुनातोने आपल्या लामांसाठी गुपचूप पाणी अडवलं होतं. घरी पोचताच तिने त्याला पक्कड दिली.

"बायको आहेस की पोलीस?"

"खालच्या दोन तारा काढ आधी, मग सांगते."

कुरकुरत का होईना, त्याने काढल्या. तीन आठवड्यांनी तिथे अकरा विकुन्या पाणी पिताना दिसल्या, त्यातली दोन पिल्लं.

आता फोर्तुनातो बाजारात भेटेल त्याला सांगतो, "विकुन्यांना वाट मीच करून दिली." मावशी ऐकून घेते, आणि तो फारच रंगात आला की सोललेला उकडलेला बटाटा त्याच्या तोंडात कोंबते.