तोंड कडू झालं आणि दगड वाचला

मी आज जो काही आहे, तो देशमाने बाईंमुळे. आमच्या घरात माझ्याआधी दहावीच्या पुढे कुणी गेलं नव्हतं. साताऱ्याकडच्या कोरेगाव तालुक्यातल्या आमच्या शाळेत बाईंनी विज्ञान शिकवलं आणि पुढे बी.एस्सी.चा फॉर्मही शेजारी बसून भरून घेतला. हे आधी सांगतो, कारण त्यांचा विद्यार्थी असलं काही लिहायला बसेल असं मला कधी वाटलं नव्हतं. भास, संकेत... या सदरातले अनुभव मी डबा खाताना करमणूक म्हणून वाचायचो.

महापेच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका लॅबमध्ये मी काम करतो. जमिनीखालच्या दगडात बारीक छिद्रं असतात आणि पंप करूनही बरंच तेल त्यात अडकून राहतं. ते सुटावं म्हणून आम्ही केसापेक्षा हजारो पट बारीक कण खाऱ्या पाण्यातून दगडात सोडतो. कण एकमेकांना चिकटू नयेत म्हणून त्यांच्यावर लेप असतो. लेप फसला की कणांच्या गुठळ्या होतात आणि दगड कायमचा बुजतो.

एका तेलविहिरीतल्या दगडाचे तीन तुकडे आले होते. दोन कापतानाच तडकले. उरलेला एक, दुसऱ्या लॅबने त्याच विहिरीच्या पाण्याने आणि तेलाने भरून पाठवलेला. जास्तीचं पाणी सोबत सीलबंद कॅनमध्ये. चौथा तुकडा मिळणार नव्हता, आणि मी प्रोबेशनवर.

चूक माझी होती. कॅन न उघडता, सोबत आलेल्या छापील तक्त्यावरून मीठ मोजून मी तसंच पाणी बनवलं आणि त्यात कण मिसळून, जमिनीखाली असते तेवढ्या उष्णतेला ओव्हनमध्ये तपासले. पाणी नितळ राहिलं. तक्त्यावर शंका घ्यायचं डोक्यातच आलं नाही. छापील कागद खोटा नसतो, अशा घरात मी वाढलो. माझे वडील रेशनकार्डसुद्धा दोन्ही हातांनी धरतात.

दुपारचे साडेतीन. दगड स्टीलच्या नळीत बसवलेला, पंप तयार. मी व्हॉल्व्हवर हात ठेवला आणि तोंड कडू झालं. औषधासारखं नाही, पित्तासारखं नाही... खारट आणि कडू, जिभेच्या मुळाशी. हात काढला, गेलं. पुन्हा ठेवला, पुन्हा तेच. चूळ भरून आलो. तिसऱ्यांदाही तेच.

तेवढ्यात काशिनाथकाका चहा घेऊन आले. हे आमचे लॅब अटेंडंट, इथल्याच खाडीकाठच्या बोनकोड्याचे.

"काय रं सातारकर, पंपाशी भांडलास?"

"काका, याला हात लावला की तोंड कडू होतंय. खारट कडू."

"मंग नको लावू हात." ते हसले, मग जरा थांबले. "खारट कडू म्हंजे आमचे मिठागराचं पानी. मीठ उचलल्यावर मागं उरतं ना, त्ये. ढोरं पन तोंड लावत नाय."

माझा चहा हातातच राहिला. मिठागरात मागे उरतं ते पाणी मॅग्नेशियमने भरलेलं असतं. तक्त्यात मॅग्नेशियम जवळपास शून्य होतं. साधं मीठ आमचा लेप सहन करत होता, मॅग्नेशियमचं मी बघितलंच नव्हतं.

आमच्या लॅबप्रमुख मॅडमकडे गेलो.

"पंप चालू झाला?"

"मॅडम, आधी कॅनमधल्या पाण्यात कण मिसळून एक बाटली ओव्हनमध्ये ठेवू का?"

"आत्ता? कशासाठी?"

प्रोबेशनवरच्या माणसाने काय सांगावं... "शंका आहे," म्हणालो.

"साडेपाचपर्यंत ठेव. काही झालं नाही तर स्टार्ट कर, आणि उद्यापासून शंका सकाळी घेत जा."

पाच वाजून दहा मिनिटांनी बाटली दुधासारखी पांढरी झाली होती, तळाशी जाड थर. मॅडमनी ती बराच वेळ उजेडात धरली. "हे दगडात झालं असतं तर..." एवढंच म्हणाल्या. मी स्टुलावर बसलो. इतकं हलकं मला निकालाच्या दिवशीही वाटलं नव्हतं.

तक्ता भलत्याच विहिरीचा होता, हे दुसऱ्या दिवशी कळलं. पुढे लेप बदलला, आणि त्याच दगडातून तेलाचे काळे थेंब नळीत उतरले.

एक गोष्ट उरते. लॅबमध्ये करू नये ते मी दुसऱ्या दिवशी केलं. कॅनमधल्या पाण्यात बोट बुडवून जिभेला लावलं. हुबेहूब तीच चव. तेव्हा मात्र अंगावर काटा आला. आदल्या दिवशी चव आली तेव्हा कॅन सीलबंद होता. मिठागर मी आयुष्यात पाहिलेलं नाही. डॉक्टरांना काही सापडलं नाही, आणि ती चव परत कधी आली नाही.

बाईंना आता फोनवर ऐकू येत नाही, म्हणून पत्र लिहिलं. ते तसंच देतो.

"ती. बाईंना सा. नमस्कार.

नोकरी पक्की झाली. सोबत पेढे आहेत, साखर सांभाळून खा.

काल मॅडमना खरं सांगितलं, की शंका वगैरे नव्हती, तोंड कडू झालं होतं. त्या म्हणाल्या, 'आता नोंदवहीत काय लिहिणार आहेस?'

आठवीत पाणी उकळताना आपल्या थर्मामीटरने सत्त्याण्णव दाखवले होते आणि मी वहीत शंभर लिहिले, कारण पुस्तकात तसं होतं. तुम्ही ते खोडायला लावलंत. म्हणालात, 'दिसलं ते लिही. का, ते नंतर बघू.'

म्हणून मी लिहिलं: चाचणी थांबवण्याचं कारण, तोंडाला कडू चव. चव का आली, माहीत नाही.

मॅडमनी दोनदा वाचलं आणि खाली सही केली.

आपला विद्यार्थी,
संदीप"