थुंकीतली भावकी

माहेरचं आडनाव मी लग्नाच्या मांडवात सोडून आले, त्यामुळे त्या आडनावाचं मूळ कुठलं हा प्रश्न माझा नाही, असं माझ्या थोरल्या भावाचं ठाम मत आहे. दादा कुरुंद्याला राहतो, हळद पिकवतो. हळद शिजवून वाळत घातली की त्याच्याकडे वेळच वेळ असतो. बाकीचे शेतकरी त्या वेळात झोप काढतात, दादा पूर्वज शोधतो.

त्याच्या मते आम्ही मूळचे राजस्थानचे. कुठल्याशा किल्ल्यावरून घोड्यावर बसून आलो. आता ज्या आडनावाच्या शेवटी 'कर' आहे ते राजस्थानातून कसं आलं, हे विचारायचं नाही. निघताना असलेले घोडे कुरुंद्याला पोचेपर्यंत बैल कसे झाले, तेही विचारायचं नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाला, "तू आता दुसऱ्या घरची. तुला काय करायचं?" मी हिंगोलीच्या शाळेत इतिहास शिकवते. ती पात्रता या कामाला चालत नाही.

दादाला दोन मुली. थोरली परभणीला दिली. धाकटी हिंगोलीत माझ्याकडे राहते आणि रक्त-लघवी तपासणाऱ्या एका लॅबमध्ये नोकरी करते. मुलगा नाही, हे दादा कधी तोंडाने बोलत नाही. पण आडनावाचा हा ध्यास त्याला धाकटी लग्नाची झाली तेव्हापासून लागला, एवढं मला कळतं.

ध्यास म्हणजे किती, तर त्याने फोनवर आमच्या आडनावाच्या लोकांचा ग्रुप काढला. कुठून कुठून माणसं गोळा केली आणि वसमतला मंगल कार्यालय घेऊन कुळाचं संमेलन भरवलं. फेटे बांधले. दादाने माईक हातात घेऊन "आपण सारे एका रक्ताचे" असं पाऊण तास सांगितलं. तेवढ्या वेळात आमची धाकटी पोरगी आणि डोंगरकडा गावचा एक मुलगा पंगतीत बुंदी वाढत होते. मुलगा कळमनुरीला बँकेत नोकरीला. एका रक्ताच्या त्या दोघांचं पुढे काय झालं ते सांगायला नको. संमेलन यशस्वी झालं, एवढंच म्हणते.

दादाला कळलं तेव्हा त्याने ताट सरकवलं. आमच्याकडे आडनाव एक म्हणजे भाऊ-बहीण. मग एकमेकांचं तोंड सात पिढ्यांत पाहिलेलं नसेना का. देवक विचारून बघावं म्हटलं, तर लग्नात कुठल्या झाडाचा डहाळा पुजतात यावर आमच्या घरातल्या तिघांनी तीन झाडं सांगितली. आडनावावर मात्र सगळ्यांचं एकमत.

पोरगी आरडाओरडा करणाऱ्यातली नाही. म्हणाली, "बाबा, रक्त एक निघालं तर मी गप बसते. पण तपासून तर पाहू. तुमचा राजस्थानही त्यातच कळंल."

राजस्थान म्हटल्यावर दादा विरघळला. मुलाच्या वडिलांना कुरुंद्याला बोलावलं. डोंगरकड्यात त्यांचं किराणा दुकान आहे, माणूस सरळ आणि हळवा. त्यांच्या देखत दादाने शब्द दिला, "रक्त एक निघालं तर हा विषय बंद. येगळं निघालं तर मी पोरगी देतो." मी साक्षीला होते, पण मी दुसऱ्या घरची.

वंश तपासून देणाऱ्या कंपनीकडून दोन नळ्या आल्या, एक दादाला, एक मुलाच्या वडिलांना. त्यात थुंकायचं आणि पाठवून द्यायचं. बापाकडची ओळ फक्त पुरुषात उतरते, म्हणून पोरीची थुंकी कामाची नाही आणि माझी तर नाहीच, हे दादाला समजल्यावर त्याला विज्ञान एकदम पटायला लागलं. थुंकण्याआधी अर्धा तास काही खायचं नव्हतं. दादाने सकाळपासून उपास धरला, अंघोळ केली, देवाला हात जोडले आणि तंबाखूचा बार तेवढा दाढेत राहू दिला. तंबाखू म्हणजे खाणं थोडंच. कंपनीने नमुना निकामी म्हणून कळवलं. दुसऱ्या वेळी पोरीने समोर बसून त्याला चूळ भरायला लावली.

निकाल आला तो तिने फोनवर वाचून दाखवला. दादाची बापाकडची ओळ दख्खनात जिकडे तिकडे सापडणारी निघाली. राजस्थानात नसेल असं नाही, पण तशी ती कुठेही नसेल असं नाही. घोड्यांचा उल्लेख नव्हता. आणि डोंगरकड्याच्या काकांची, म्हणजे मुलाच्या वडिलांची, ओळ साफ निराळी. दोन्ही ओळींना जोडणारा बाप शोधायचा तर लोकांना आडनावं नव्हती तितकं मागे जावं लागत होतं. आडनाव एक कसं मग? एकाच गावातून दोन घरं कधीतरी उठली असतील, नव्या ठिकाणी लोकांनी दोघांनाही त्या गावाचं नाव लावलं असेल, इतकी ती साधी गोष्ट. ज्या नावासाठी दादाने फेटे बांधले, ते आम्ही काय सोडून आलो त्याचं नाव होतं.

मला वाटलं, सुटलो. काकांनीही फोन केला, "आमची काही हरकत न्हाई आता. तुमी म्हणाल तवा येतो." दादा म्हणाला, बघू. निकालातला 'राजस्थान' एवढा शब्द त्याने ग्रुपवर टाकला. बाकीचं मशीनला कळत नाही म्हणाला. शब्द दिला होता त्याचं काय, तर हळद विकली जाऊ दे.

हळद विकली जाण्याआधी काकांचे वडील गेले. म्हातारं माणूस, बरेच दिवस अंथरुणावर होतं. दादाने त्यांना एकदाही पाहिलं नव्हतं. तरी तो मातीला गेला, आणि परत आला तो घरात सुतक धरूनच. देव झाकले. वहिनीला फोडणी बंद. मी फोनवर विचारलं, "हे काहून?" तर म्हणाला, "भावकीतला माणूस गेला. सुतक धरणं आपलं काम हाय."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. सुतक धरतात ते भावकीचं. आणि भावकीत पोरगी देत नाहीत. दहाव्याला डोंगरकड्याला जाऊन दादाने चारचौघांत डोकं भादरून घेतलं आणि मिशीही काढली. लग्नापासून जपलेली ती मिशी. कंपनीचा निकाल त्याने वस्तऱ्याने खोडला. गावात त्याची वाहवा झाली. परक्या गावच्या भावासाठी एवढं करणारा माणूस आता राहिला नाही म्हणे.

काका बिचारे खरंच भारावले. त्यांना यात डाव दिसलाच नाही. तेरवी झाल्यावर ते स्वतः कुरुंद्याला आले, दादाला टोपी-टॉवेल दिला आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाले, "मशीन काई म्हनू द्या. आमच्या बापासाठी तुमी डोकं दिलं. आजपासून आपण सख्खे भाऊ." मग घरची लेक म्हणून पोरीच्या हातात साडी ठेवली. "लेकरा, राखीला पोराला पाठवून देतो," म्हणाले. इतक्या मायेने म्हणाले की त्यांच्यावर चिडताही येईना.

पोरीने साडी घेतली. पाया पडली नाही. काका गेल्यावर दादासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "कधी न पाह्यलेल्या म्हाताऱ्यासाठी दहा दिवस खाली बसले तुमी. माझ्यापाशी एक दिवस बसून विचारलं असतं, बाई, तुला काय पाह्यजे." दादा टोपी सारखी करत राहिला. ती त्याच संध्याकाळच्या गाडीने हिंगोलीला आली. राखीला कोणी आलं नाही, तीही कुरुंद्याला गेली नाही. मुलगा अधूनमधून माझ्याकडे चहाला येत होता. माझ्या घरात सुतक नव्हतं.

ती बापाचा फोन उचलेना, म्हणून दादा मला फोन करायचा. मी त्याला प्रत्येक वेळी सांगायचे, भावकीला सांग ना उचलायला. एका सकाळी मात्र त्याचा आवाजच असा आला की मला टोमणा सुचला नाही. म्हणाला, "माय, घर खायला उठून राहिलं. तिला म्हणावं, ये."

"लग्नाला हो म्हणतोस का?"

"आता कसं म्हणू? साऱ्या गावानं माझं डोकं पाह्यलं."

पोरगी डबा भरत होती. तिने हात पुढे केला आणि फोन घेतला.

"बाबा, तुमचे केस यीस्तोवर थांबले मी. आता थांबत न्हाई. सोमवारी नोंदणी करून राहिलो आमी. तिकडच्या काकांना त्यानं सांगितलं, ते दोन दिवस जेवले न्हाईत, पण येतो म्हनले. तुमी न आले तर आत्या सही करंल."

 मला वाटलं, त्याने फोन ठेवला. ती डब्याचं झाकण लावायला लागली तेवढ्यात दादाने विचारलं. इतकं हळू, की मला तिच्या खांद्याशी कान न्यावा लागला.

"म्हंजे तुझं आडनाव तेच ऱ्हाणार?"

"व्हय बाबा. तेच."

"लेकरांचंही?"

ती पहिल्यांदाच हसली. माझ्या डोळ्यांत मात्र पाणी आलं, आणि संतापही आला, की एवढं साधं गणित या माणसाला मिशी देऊन सुटलं. दादाने घसा साफ केला.

"सोमवारी किती वाजता यावं?"