नो इंडियन फूड: ओशन शोअर्स आणि सुक्या माशांचा पास्ता

"माका घराक जावचा आसा," बाबा पुन्हा म्हणाले, आणि मी समुद्रकाठच्या ओशन शोअर्सचं केबिन बुक केलं. बाबा मालवणचे. आई गेल्यावर मी त्यांना अमेरिकेत, रेडमंडला घेऊन आले आणि इथे त्यांचं जेवण एका पोळीवर आलं. सगळ्या टेस्ट नॉर्मल. तरी ते परतीचं तिकीट बदलून मागत होते, आणि तिकडच्या रिकाम्या घरात ते एकटे कसे राहतील या विचाराने मला झोप येत नव्हती. समुद्र दिसला की जेवतील, असा माझा हिशेब.

नवरा ऑन-कॉल, म्हणजे लॅपटॉप मांडीवर घेऊन घरीच. सोबत आले शेजारचे केतकी आणि समीर. ट्रिप केतकीने प्लॅन केली, केबिनचं बुकिंगही तिच्याच अकाउंटवरून झालं, आणि तिने एकच नियम घातला. "नो इंडियन फूड. आपण कुठेही कुकर घेऊन जातो, इट्स सो एम्बॅरसिंग, यार." त्यामुळे माझी कोकमाच्या आगळाची बाटली घरी राहिली. केतकीचं कॉफी मशीन मात्र तिच्या गाडीच्या डिकीत गेलं. ते इटालियन होतं.

तुम्ही जाणार असाल तर शुक्रवारी दुपारच्या आत निघा. नंतर आय-फाइव्हवर गाड्या पार्क केल्यासारख्या उभ्या असतात. आम्ही उशिरा निघालो आणि सिअ‍ॅटल ओलांडल्यावर बाबांना रेस्टरूम हवी झाली. समोर एक फिलिपिनो सुपरमार्केट होतं. बाबा आत गेले ते बाहेरच येईनात.

सापडले सुक्या माशांच्या रॅकसमोर. हातात पाकीट, शेजारी त्यांच्याच वयाच्या एक फिलिपिनो बाई, ट्रॉली घेऊन.

"धिस फिश, माय व्हिलेज ऑल्सो," बाबा त्यांना सांगत होते.

"तुयो," बाई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून इंग्रजीत म्हणाल्या, "माझी नातवंडं भाताबरोबर खात नाहीत. मी पास्त्यात घालते. आधी मासे तळायचे, काटे काढायचे. मग भरपूर लसूण, टोमॅटो, वर लिंबू. मीठ अजिबात नको."

"तारली गो ही," बाबा मला म्हणाले. महिन्याभरात ते माझ्याशी स्वतःहून बोललेलं हे पहिलं वाक्य, ज्यात 'घर' नव्हतं. मी दोन पाकिटं घेतली.

पुढे ऑलिंपिया, मग अ‍ॅबरडीन. पेट्रोल तिथेच भरा, पुढे महाग आहे. ओशन शोअर्सला गाडी थेट वाळूवर नेता येते, पण ओल्या वाळूत नेऊ नका. आम्ही एका जीपला रुतताना बघितलं. समुद्र राखाडी, वारा गार. बाबांनी काचेतूनच बघितलं. "खळबळ आसा. होडी जावची नाय," एवढं बोलून डोळे मिटले. माझा हिशेब चुकला होता.

संध्याकाळी केतकीचा मेन्यू होता ताजा, हाताने केलेला पास्ता. मैदा आणला होता, अंडी आणली होती. पास्त्याचं मशीन रेडमंडला राहिलं होतं.

"मग आता बाहेर जाऊ," ती म्हणाली.

बाबा उठले. त्यांनी अंडी घालून मैदा मळला, वाइनच्या बाटलीने लाटला आणि सुरीने पट्ट्या कापल्या. "चकोल्यांसारखाच तर आसा," म्हणाले. मी पाकीट फोडलं.

"ओ माय गॉड, हे काय आहे?" केतकीने नाकाला स्कार्फ लावला. "आपलं ठरलं होतं ना?"

"हे फिलिपिनो आहे. पास्ता इटालियन आहे. इंडियन यात काहीच नाही," मी म्हटलं.

"केबिनला वास लागेल. माझं गेस्ट रेटिंग जाईल."

"केतकी," समीर सोफ्यावरून म्हणाला, "परवा रेस्टॉरंटमध्ये तू एक्स्ट्रा अँचोव्हीज मागवल्यास. तेही खारवलेले मासेच ना?"

"ते वेगळं असतं."

"हो, ते प्लेटमध्ये तीनच असतात."

मासे तेलात पडले आणि स्मोक अलार्म कोकलायला लागला. समीर त्याच्याखाली टॉवेल हलवत उभा राहिला, मी खिडक्या उघडल्या. बाबांनी शांतपणे मासे उलटले, काटे काढले, त्याच तेलात लसूण परतला. टोमॅटो विरघळल्यावर पट्ट्या घातल्या, मासे चुरले, लिंबू पिळलं.

ते भरपूर जेवले, बोटांनी ताटली पुसून. मी सिंकपाशी जाऊन नळ सोडला, माझं तोंड कुणाला दिसू नये म्हणून.

"आईक आवडला असता," ते मागून म्हणाले. आई गेल्यापासून तिचं नाव आमच्यात पहिल्यांदा निघालं. मग आम्ही तिच्याबद्दल बोलत बसलो. केतकीने स्कार्फ सोडला आणि "जस्ट टेस्ट करते" म्हणत दोनदा वाढून घेतलं.

घरी आल्यावर तिने फोटो टाकला: 'रस्टिक कोस्टल पास्ता, माय रेसिपी.' उरलेल्या पाकिटाचा तिच्या गाडीला अजून वास येतो. सर्व्हिसिंगवाल्याला ती एसीचा प्रॉब्लेम म्हणून सांगते.

लक्षात राहिलं काय, तर समुद्र नाही. गुरुवारी मी मीटिंगमध्ये असताना बाबा खोलीच्या दारात आले. मला वाटलं, तिकिटाचं विचारतील. मी हेडफोन काढले.

अंगात जॅकेट होतं, खांद्याला कापडी पिशवी.

"त्या दुकानाक बस खंयची जाता?" त्यांनी विचारलं.