पिंजारीचाचांच्या राजाची उडी

पोळ्यानंतरचा बाजाराचा दिवस, अमडापूरच्या निंबाचा पार, पैज पाच रुपये. हजर माणसे अकरा. त्यांत बुद्धिबळाचा डाव लिहून घ्यायला मी. जिंकणाऱ्याने मला चार आणे द्यायचे ठरले होते.

कापूस पिंजणारे आमचे चाचा पटावर बसले की दाढीत अडकलेले तंतूसुद्धा हलत नसत. त्यांची सुरुवात कायम एकच. घोड्यापुढचे प्यादे एक घर सरकवायचे आणि मोकळ्या झालेल्या घरात राजाने घोड्यासारखी उडी मारून बसायचे. देशी खेळात राजाला अशी एक उडी माफ असे.

आमच्याकडे गादी पिंजायला आले की ते आधी दार लोटून घेत. "कापूस असो का राजा, वाऱ्यावर ठेवू नाही, बापू," असे मला सांगत.

गावात नागपूरहून शिकून आलेले एक तरुण वकील होते; त्यांना ही उडी गावंढळ वाटे. "चाचा, विलायती नियमानं खेळता का? त्यात उडी नाही." नियम मोडेल त्याचा डाव गेला, आणि वकील जिंकले तर पारावर यापुढे विलायतीच खेळ, असे ठरले. चाचांची चाळीस वर्षांची सुरुवात पणाला लागली.

"हाव, खेळतो ना. काऊन भेऊ?"

नवव्या खेळीला वकील पान लावत होते. चाचांच्या हाताने सवयीने राजा उचलला आणि घोड्यापुढच्या घरात ठेवला. ती उडी पाहतच सगळे म्हातारे झालेले. कुणालाच खटकली नाही. मला खटकली, कारण मला ती लिहायची होती. लिहिली आणि गप्प बसलो. चाचा जिंकावेत असे फार वाटत होते.

एकेचाळिसाव्या खेळीला त्यांनी मात दिली. पारावर गलका उठला. वकिलांनी पाच रुपये काढले. चाचा मात्र आपल्या राजाकडे पाहत बसले होते.

"बापू, हा इथं कवा आला? वाच बरं."

मी नववी खेळी वाचली.

"डाव तुमचा, वकीलसाहेब."

"जाऊ द्या, चाचा. मला तरी कुठं दिसलं?"

"पटाले दिसलं ना."

त्यानंतर चाचा असेपर्यंत पारावर विलायती नियमानेच खेळले. हरत जास्त.

त्या दिवशी पाच रुपये वकिलांना मिळाले. त्यांनी मला चार आणे पुढे केले, तेव्हा मी हात मागे घेतला. चाचांनीच तो धरून पुढे ओढला.

"घे बे. लिहिलं त खरं होतं तू. बोल्ला नाही, येवढंच."