दारासमोरचे पट्टे

रस्त्यावर पांढरे पट्टे मारण्यात माझ्या काकांची हयात गेली. गाड्यांनी थांबायच्या रेघा, सायकलींच्या वाटेवरचे बाण, चालणाऱ्यांसाठी झेब्रा. अर्ध्या गावाने त्यांच्या रंगावर पाय ठेवलाय. नखांतला रंग काही केल्या निघत नाही, म्हणून घरात त्यांना सगळे 'चुना' म्हणतात. काकू सोडून. ती 'अहो' म्हणते, पण त्याच सुरात.

समोरचा रस्ता रुंद झाला आणि पलीकडचं तळं काकूला परकं झालं. त्याआधी रोज संध्याकाळी दोघं तळ्याभोवती फिरायची. काकू पुढे, काका मागे, मधे भांडण. आता ती गॅलरीत खुर्ची टाकून बसते. गाड्या थांबत नाहीत आणि तिचे गुडघे पळू देत नाहीत.

"काय बघतेस गं एवढं?" काकांनी एकदा विचारलं.

"पाणी. चिमूटभर दिसतं इथून."

यंदा वस्तीतले रस्ते पायी चालणाऱ्यांसाठी नि सायकलवाल्यांसाठी नीट करायचं काम निघालं. आमच्या रस्त्याला एकच झेब्रा मंजूर झाला, तोही पुढे शाळेपाशी. मोजणीवाल्यांनी खडूच्या खुणा केल्या, त्या टँकरच्या पाण्याने वाहून गेल्या. काकांनी पुन्हा मोजायला कुणाला बोलावलं नाही. अंदाजाने दोरी धरली. दुपारपर्यंत पट्टे आमच्या दारापासून थेट तळ्याच्या फाटकापर्यंत पोचले होते.

काकू गॅलरीतून वाकली. "अहो, शाळा इकडे हलवली का?"

"हात गेला इकडे," काका खालून म्हणाले.

"हात गेला की डोकं?"

"तू बूट घाल. रंग वाळलाय."

काकूने केस दोनदा विंचरले. काका रस्त्याच्या मधोमध हात आडवा करून उभे राहिले, गाड्या थांबल्या, आणि ती कुणाकडेही न बघता सावकाश पलीकडे गेली, काका मागोमाग. परतताना दोघांचं भांडण मला जिन्यापर्यंत ऐकू येत होतं. किती दिवसांनी.

दुसऱ्या दिवशी सकाळी रस्त्याच्या कामावरचे साहेब आले. चिडले नाहीत, तेच वाईट.

"काका, शाळेतली मुलं कुठून ओलांडणार?"

"बरोबर आहे तुमचं."

"हा पुसावा लागेल."

"दोन्ही नाही राहणार?"

"मंजुरी एकाचीच आहे. पुढच्या कामात तुमचं बघू."

साहेब गेले. काकांनी काळ्या रंगाचा डबा उघडला आणि नुसतेच ढवळत बसले. काकू खाली उतरली.

"मी शाळेपाशी जाऊन ओलांडेन."

"तिथवर फूटपाथ कुठंय? गटाराच्या काठाने जाणार, या गुडघ्यांनी?"

"मग तो कधी होणार?"

"पुढच्या कामात."

"तुमचं पुढचं काम येईतो मी काय पुन्हा वयात येणारे?"

काका हसले नाहीत. तीही नाही. मग ती म्हणाली, "फाटकाकडचे पट्टे शेवटी पुसा."

"का?"

"वरून तेवढेच दिसतात मला."

काकांनी रोलर बुडवला आणि आमच्या दाराकडून सुरुवात केली.