भाच्याला दिलेला खोटा सल्ला

बारावीचा निकाल लागल्यावर माझ्या भाच्यानं मला विचारलं होतं, "मामा, मी नर्सिंगला जाऊ का?" आणि मी त्याला खोटं सांगितलं. नुसतं नको म्हणालो असतो तर ते माझं मत म्हणून खपून गेलं असतं. पण मी म्हणालो, "आमच्या वेळी मुलांना घेत होते. आता मुलांच्या जागा जवळपास बंदच केल्यात. शिकलास तरी घरी बसशील." हे बोलत होतो तेव्हा मी धुळ्याच्या एका मोठ्या दवाखान्यात हाडांच्या वॉर्डात नर्स होतो, आणि त्याच आठवड्यात आमच्या वॉर्डात शिकाऊ मुलांची नवी तुकडी आली होती. त्यांना सलाईन कसं लावायचं ते मीच दाखवत होतो.

पुरुष नर्सला दवाखान्यात ब्रदर म्हणतात. दवाखान्याच्या फाटकाच्या आत मी ब्रदर होतो आणि त्याचं मला कधी काही वाटलं नाही. अडचण फाटकाबाहेर होती. माझी मोठी बहीण, आमची अक्का, धरणगावला असते. तिच्या गल्लीत मला सगळे डॉक्टर म्हणत. सुरुवात कुणी केली ते आठवत नाही. नोकरीला लागलो त्या वर्षी दिवाळीला गेलो असताना कुणाच्या तरी आईला इंजेक्शन दिलं, आणि तेव्हापासून मी डॉक्टर झालो. पहिल्यांदा मी हसून सोडून दिलं. नंतर हसायचंही सोडलं. ओट्यावर बसलं की कुणी जीभ दाखवी, कुणी पायाची सूज. मी गंभीर चेहरा करून बघायचो. बायको एकदा परतीच्या बसमध्ये म्हणाली, "आज किती पेशंट झाले, डॉक्टरसाहेब?"

भाचा त्याच गल्लीतला. तो नर्सिंगला गेला असता तर लोकांनी विचारलं असतं, काय शिकतोय? तो म्हणाला असता, मामा आहेत तेच. त्याला अडवण्यामागे माझं एवढंच कारण होतं. दुसरं काहीच नव्हतं. तेव्हा मी स्वतःला सांगितलं की पोराच्या भल्यासाठी बोललो, लग्न जमताना त्रास होतो, वगैरे. ते खरं नव्हतं. माझं स्वतःचं लग्न व्यवस्थित जमलं होतं.

मामाचा शब्द म्हणून घरात कुणी पुढे विचारलं नाही. भाच्यानं जळगावला बी.एस्सी.ला नाव घातलं, त्यात त्याचं मन लागलं नाही, शेवटी ते सोडून तिथल्याच एका डाळमिलमध्ये कामाला लागला. मी गेलो की तो पाणी आणून द्यायचा, पाया पडायचा. अंगाला तुरीच्या भुशाचा वास यायचा. मी त्याला काम कसं चाललंय हे विचारायचंही टाळत असे.

मग दाजींचा अपघात झाला. दाजी म्हणजे अक्काचे यजमान. एरंडोलच्या रस्त्यावर मोटरसायकल घसरली आणि मांडीचं हाड मोडलं. "मामा तिथंच आहे," म्हणून त्यांना धुळ्याला आणलं, आणि ते नेमके माझ्याच वॉर्डात आले. पायाला वजन लावून त्यांना सरळ निजवून ठेवलं. सोबत राहायला भाचा रजा टाकून आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाजींना बेडपॅन हवं होतं. वॉर्डातले मामा, म्हणजे आमचे शिपाई, दुसरीकडे अडकले होते. मी पडदा ओढला आणि बेडपॅन घेऊन पुढे झालो. दाजी दचकले.

"मेहुणे, तुम्ही नका. तुम्ही नकाच."

"मग कोण, दाजी?"

"अहो, मी तुमच्या घरचा जावई. माझा काही मान आहे की नाही?"

"आहे ना. म्हणून तर धुवून, पुसून आणलंय. जरा डाव्या हातानं वर उचला अंग."

"गावात सांगाल तर बघा."

"तुम्ही सांगू नका म्हणजे झालं."

दाजींना वेदनेतही हसू आलं. भाचा पडद्याच्या कडेला उभा होता. मला त्याच्याकडे बघवेना. आजवर त्यानं मला ओट्यावर जिभा तपासताना पाहिलं होतं.

दुपारी मात्र मी जेवून येईपर्यंत त्यानं ते सगळं स्वतः केलं होतं. बेडपॅन झाकून नेलं होतं, वडिलांना पुसून कोरडं केलं होतं, चादरीची सुरकुती ओढून काढली होती. मला म्हणाला, "मामा, बाबांची टाच लाल दिसतेय. दाबलं तरी लालच राहतेय." मी बघितलं. बरोबर होतं. एकाच जागी पडून राहिलेल्या माणसाच्या टाचेला जखम व्हायच्या आधीची ती खूण. शिकाऊ मुलांना ती ओळखायला शिकवताना माझा घसा कोरडा पडतो. याला ते कुणी सांगितलं नव्हतं. मी पोटरीखाली उशी सरकवून टाच अधांतरी केली, डॉक्टरांना कळवलं, आणि याला दुसऱ्या पायाचीही टाच बघत राहा म्हणून सांगितलं.

संध्याकाळी फाटकाबाहेरच्या टपरीवर चहा घेताना त्यानं विचारलं, "मामा, वॉर्डात ती तीन-चार पोरं आहेत ना पांढऱ्या कपड्यांतली, ती कोण?"

"शिकाऊ."

"नर्सिंगची?"

"हो."

"पण तुम्ही म्हणाला होता, मुलांच्या जागा बंद झाल्यात."

खरं सांगायला त्याहून सोपी वेळ मला मिळणार नव्हती. मी म्हणालो, "आता पुन्हा सुरू केल्यात." त्यानं मान हलवली, चहाचा ग्लास खाली ठेवला. त्यानं विश्वास ठेवला की नाही, मला कळलं नाही. पण दुसऱ्या दिवसापासून तो मला काही विचारेनासा झाला. तो त्या शिकाऊ मुलांपाशी जाऊन बसे. प्रवेश परीक्षा कधी असते, अभ्यास कोणता, बारावीला जीवशास्त्र होतं ते चालतं का, मधली वर्षं गेली तर अडतं का, हे सगळं त्यानं त्यांना विचारलं. मी औषधांची ट्रॉली ढकलत शेजारून जायचो आणि ते बोलणं ऐकायचो. ज्या गोष्टी त्यानं मला विचारायच्या त्या तो परक्या पोरांना विचारत होता.

दाजी बरे होऊन काठी टेकत घरी गेले. भाचा मिलमध्ये परत गेला आणि कामावरून आल्यावर अभ्यास करू लागला. हे मला अक्काकडून कळायचं. ते महिने माझे वाईट गेले. त्याला मिळालं नाही तर? बारावीचा अभ्यास ताजा असताना परीक्षा दिली असती तर मिळालं असतं, आणि आता गंज चढल्यामुळे राहिलं, असं झालं तर मी कुठं तोंड दाखवणार होतो? मदत करावी म्हणून मी दोनदा फोन हातात घेतला आणि ठेवून दिला. मदत करायची तर आधी खरं सांगावं लागलं असतं.

एका दुपारी अक्काचा फोन आला. ती रडत होती की हसत होती ते पहिल्यांदा समजेना. "लागला रे नंबर. जळगावलाच मिळालं कॉलेज." मी ड्रेसिंगच्या खोलीत होतो. तिथल्या स्टुलावर बसलो. पाठीवर कित्येक वर्षं बांधलेलं काहीतरी कुणी सोडून घ्यावं तसं वाटलं. सिस्टर म्हणाल्या, "काय झालं ब्रदर, बरं नाही का?" मी म्हणालो, "फार बरं आहे."

पुढच्या सुट्टीला धरणगावला गेलो. ओट्यावर चप्पल काढतो तोच शेजारचे आबा काठी टेकत आले.

"डॉक्टर, जरा मना गुडघा देखा ना."

मी त्यांच्या शेजारी बसलो. म्हणालो, "आबा, एक सांगायचंय. मी डॉक्टर नाही. मी नर्स आहे. आधीपासून नर्सच आहे."

आबांनी माझ्याकडे बघितलं. "ते तं माले माहीत शे."

"कुणी सांगितलं?"

"तुमनी बहीणनी. बठ्ठी गल्लीले माहीत शे." सगळ्या गल्लीला! मग धोतर वर घेत आबा म्हणाले, "मंग गुडघा देखाले काय व्हस?"

आत अक्का हसत होती. "तू नोकरीला लागला तेव्हाच मी पेढे वाटले होते," ती म्हणाली. "नर्स झाला म्हणूनच वाटले. लोक डॉक्टर म्हणतात ते प्रेमानं. तुला काय वाटलं, इथं कुणाला काही कळत नाही?"

मी आबांचा गुडघा बघितला. सूज जुनीच होती. हाडांच्या डॉक्टरांना दाखवा, मी सोबत येतो, असं सांगितलं. मला खूप हलकं वाटत होतं, आणि त्याच वेळी लाजही वाटत होती. जे लपवण्यासाठी मी एका पोराची वर्षं घालवली, ते कुणापासून लपलेलंच नव्हतं.

जेवायला शेवभाजी होती. दाजी खुर्चीवर, आम्ही मामा-भाचे खाली. भाचा म्हणाला, "मामा, पुढच्या महिन्यात कॉलेज सुरू होतंय. आता तरी खरं खरं सांगा, कसं असतं."

'आता तरी' हे तो सहज म्हणाला की मुद्दाम, मला ठाऊक नाही. मी सांगू लागलो. पहिली गोष्ट, पोटात काही घातल्याशिवाय ड्यूटीला जायचं नाही; चक्कर येऊन पडणाऱ्यांत निम्मे उपाशी असतात. बुटांत काटकसर करायची नाही. पहिलं वर्ष नुसतं अंथरुणं घालण्यात आणि पेशंट पुसण्यात गेलं असं वाटेल, पण तेव्हाच माणसाचं अंग वाचायला येतं. टाच लाल झालेली तुला दिसली ना, तेच. डॉक्टरांचं अक्षर लागलं नाही तर अंदाज करायचा नाही, परत विचारायचं. ओरडले तरी परत विचारायचं. बाईमाणसाची सेवा करताना सोबत सिस्टर हवी, पडदा हवा, आणि काय करणार ते आधी तिला सांगायचं. शिक्षण पूर्ण झालं की नर्सिंग कौन्सिलची नोंदणी झाल्याशिवाय कुणाच्याही खाजगी दवाखान्यात उभं राहायचं नाही, पैसे कितीही देवोत. आणि कुणी डॉक्टर म्हणालं तर तिथल्या तिथं दुरुस्त करायचं.

"तेवढं तुम्ही सांगूच नका," दाजी म्हणाले. भाचा हसला. अक्कानं त्यांच्या ताटात भाकरी टाकून त्यांना गप्प केलं.

"अजून?" भाच्यानं विचारलं.

"अजून म्हणजे, चूक झाली तर लगेच सांगायची," मी म्हणालो. "चुकीची गोळी गेली, डोस जास्त गेला, तर त्याच मिनिटाला वरच्यांना सांगायचं. शिव्या खायच्या. जो लपवतो त्याच्यामुळे पेशंट जातो."

एवढं बोलून मी थांबलो. हे वाक्य मी शिकाऊ पोरांना दर वर्षी ऐकवत आलोय. घास हातातच राहिला. अक्कानं विचारलं, "तिखट झालं का?" मी नाही म्हणालो आणि ताट थोडं बाजूला सरकवलं.

मी भाच्याला म्हणालो, "तू मला बारावीनंतर विचारलं होतंस. जागा बंद नव्हत्या. मला माहीत होतं. टपरीवरही मी खोटंच बोललो. तू नर्स झालास तर लोक मला डॉक्टर म्हणायचे थांबतील, या भीतीनं मी तुला अडवलं. तुझी वर्षं माझ्यामुळे गेली. माझं चुकलं रे. मला माफ कर."